खुल्या कोडला परवान्याच्या जाचातून मोकळे करा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सर्व सन्माननीय खासदारांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. या ६७ जणांपैकी एकाने जरी येत्या अधिवेशनात या पत्राच्या शेवटी दिलेला प्रश्न वाणिज्यमंत्र्यांना विचारला, तरी माझे लिहिण्याचे श्रम फळाला आले असे मी मानेन.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा लासलगावपासून संसदेपर्यंत आवाज उठला. तो उठायलाच हवा होता. पण याच देशात एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या, सॉफ्टवेअरवरही निर्यातीचे निर्बंध आहेत, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना तर असे काही निर्बंध आहेत याचा पत्ताच नसतो. मी पुण्यात पाच जणांची छोटी कंपनी चालवतो. अशा सॉफ्टवेअरशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून हे मीच सांगायला हवे.

आपल्याकडे ‘स्कोमेट’ नावाची एक यादी आहे. विशेष रसायने, जीवाणू-विषाणू, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान, म्हणजे ज्यांचा लष्करी किंवा संहारक उपयोग होऊ शकतो अशा वस्तूंची ही यादी. ती विदेश व्यापार महासंचालनालय प्रसिद्ध करते. यादीतली वस्तू परदेशी पाठवायची तर सरकारची परवानगी लागते. यादीच्या शून्य क्रमांकाच्या वर्गात अणुसाहित्य आहे, पहिल्यात विषारी रसायने, दुसऱ्यात रोगजंतू आणि सहाव्यात दारूगोळा. आठव्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार यांच्या शेजारी ‘माहिती सुरक्षा’ असा एक भाग आहे, आणि आमचे काम त्यात मोडते. नियम सोप्या शब्दांत असा : ज्या सममित एन्क्रिप्शनची (म्हणजे कुलूप लावायला आणि उघडायला एकच किल्ली असते त्याची) किल्ली ५६ बिटांपेक्षा लांब आहे, ते नियंत्रित. बिट जितके जास्त, तितके फोडणे अवघड. आज तुमच्या फोनमधले व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचे अ‍ॅप, सरकारी पोर्टलच्या पत्त्यापुढचे ते छोटे कुलूप, या सगळ्यांच्या किल्ल्या १२८ किंवा २५६ बिटांच्या असतात. ५६ बिटांच्या आतले एन्क्रिप्शन आज कोणी शहाणा माणूस वापरत नाही.

ही ५६ ची हद्द भारताने ठरवलेली नाही. शस्त्रे आणि लष्करी उपयोग होऊ शकणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी वासेनार करार नावाची देशांची एक व्यवस्था आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये तिचा ४२ वा सदस्य झाला आणि त्याची तयारी म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कोमेटचा आठवा वर्ग वासेनारच्या यादीप्रमाणे भरला गेला. वासेनारमध्ये ५६ बिटांचा आकडा डिसेंबर १९९८ मध्ये ठरला होता. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत खर्च करून एक यंत्र बांधले आणि ५६ बिटांचे एन्क्रिप्शन ५६ तासांत फोडून दाखवले होते. पुढच्या जानेवारीत तेच काम २४ तासांच्या आत झाले. म्हणजे जी हद्द आखली जात होती तेव्हाच कालबाह्य झालेली होती, ती आपण १९ वर्षांनी जशीच्या तशी उचलली.

वासेनारमध्ये जाऊ नये असे मी म्हणत नाही. तंत्रज्ञान मिळवण्यासाठी आणि जगात जबाबदार देश म्हणून मान मिळवण्यासाठी ते सदस्यत्व भारताला हवे होते, आणि ते मिळाले याचा मला आनंदच आहे. पण वासेनार हा बंधनकारक तह नव्हे. यादी सगळ्यांची एक असली तरी ती आपापल्या कायद्याने कशी राबवायची, परवाना कसा द्यायचा, सवलती कशा स्पष्ट करायच्या हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. माझे गाऱ्हाणे या राबवण्याबद्दल आहे.

आमचाच दाखला देतो. सनदी लेखापाल आणि पतसंस्था यांच्यासाठी आम्ही बॅकअपचे एक सॉफ्टवेअर केले आहे. संध्याकाळी कार्यालय बंद होताना ते दिवसभराच्या फायली एन्क्रिप्ट करते आणि मगच बाहेरच्या सर्व्हरवर पाठवते, म्हणजे सर्व्हरवाल्यालाही आतले काही वाचता येत नाही. त्यात आम्ही शोधलेले एन्क्रिप्शन शून्य आहे. पद्धत एईएस. ती जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केली, अमेरिकेने खुली स्पर्धा घेऊन ती निवडली आणि २००१ मध्ये मानक म्हणून जाहीर केली. तिची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ओपनएसएसएल, कोणालाही फुकट उतरवून घेता येते. आमचे म्हणून जे आहे ते वेळापत्रक, मराठीतले पडदे, आणि वीज गेल्यावर अर्धवट राहिलेला बॅकअप कुठून पुन्हा सुरू करायचा याची व्यवस्था.

नैरोबीतल्या एका हिशेबनीस कार्यालयाला ते आवडले. त्यांच्या पद्धतीप्रमाणे थोडे बदल करून द्या, म्हणाले. आम्ही सल्लागाराला विचारले. तो म्हणाला, दुकानातून सरसकट विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला यादीच्या टिपेत सूट आहे, पण तुम्ही एका गिऱ्हाइकासाठी बदल करून देताय, तेव्हा ती सूट लागू होतेच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अर्ज करा, तांत्रिक तपशील जोडा आणि गिऱ्हाइकाकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र आणा. म्हणजे नैरोबीतल्या त्या सहा टेबलांच्या कार्यालयाने लिहून द्यायचे की ही वस्तू सांगितलेल्या कामाखेरीज कशासाठीही वापरणार नाही आणि भारत सरकारच्या संमतीशिवाय पुढे कोणाला देणार नाही. आम्ही तो कागद त्यांना पाठवला. त्यांच्या मालकीणबाईंनी फोन करून अगदी नम्रपणे विचारले, ‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असे काय आहे?’ मला काय उत्तर द्यावे कळेना, कारण त्यात तसे काहीच नव्हते. त्यांनी दुसऱ्या देशातून घेतले. आत तेच एईएस, तीच लायब्ररी. आमचा अर्ज गेलाच नाही, म्हणून कोणत्याही कार्यालयाच्या नोंदीत हा व्यवहार सापडणार नाही. असे न झालेले व्यवहार आकडेवारीत येत नाहीत.

वारंवार निर्यात करणाऱ्यांसाठी महासंचालनालयाने सर्वसाधारण परवानग्यांची सोय केली आहे. ती चांगली सुधारणा आहे. पण तिच्यासाठी कंपनीकडे स्वतःची अनुपालन यंत्रणा हवी, नोंदी ठेवणारी माणसे हवीत. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीला ते जमते, तिच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. पाच जणांच्या कंपनीत तो विभाग म्हणजे मी, रात्री जेवण झाल्यावर.

आता या निर्बंधांचा इतिहास पाहा. तो अमेरिकेत घडला आहे, आणि तो वाचल्यावर कोणालाही वाटेल की आपल्याला हा रस्ता पुन्हा चालायची काही गरज नव्हती.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्याने एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर थेट दारूगोळ्याच्या यादीत होते. १९९१ मध्ये कोलोरॅडोतल्या फिल झिमरमन या अभियंत्याने पीजीपी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. सामान्य माणसाला ई-मेल गुप्त ठेवता यावा, एवढाच त्याचा उद्देश. तो फुकट वाटला गेला, नेटवर चढला आणि अर्थातच देशाबाहेर गेला. १९९३ पासून झिमरमन यांच्यामागे शस्त्रनिर्यातीच्या संशयावरून चौकशी लागली. ती जानेवारी १९९६ पर्यंत चालली आणि एकही आरोप न ठेवता बंद झाली. तोवर पीजीपी जगभर पोचलेले होते.

दरम्यान फिल कार्न या अभियंत्याने परराष्ट्र खात्याला एक साधी विचारणा केली. एन्क्रिप्शनचा कोड छापलेले एक पुस्तक परदेशी पाठवू का? खात्याने सांगितले, खुशाल पाठवा. मग त्याने विचारले, याच पुस्तकातला हाच कोड फ्लॉपीवर घालून पाठवू का? उत्तर आले, नाही, ते शस्त्र आहे. अक्षर न् अक्षर तेच. १९९७ मध्ये पीजीपीच्या नव्या आवृत्तीचा सगळा कोड म्हणूनच कागदावर छापला गेला, कायदेशीरपणे युरोपात नेला गेला आणि तिथल्या स्वयंसेवकांनी पानन्‌पान स्कॅन करून पुन्हा संगणकात भरला. एखाद्या कायद्यामुळे हुशार माणसांना असली हमाली करावी लागत असेल, तर त्या कायद्याने नेमके काय अडवले?

नुकसान मात्र झाले, आणि ते अमेरिकेचे झाले. ओपनएसएसएल ज्या कोडवर उभे राहिले तो ऑस्ट्रेलियात लिहिला गेला. पीजीपीसारखेच काम करणारे जीएनयूपीजी जर्मनीत झाले. ओपनबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीवाल्यांनी कॅनडात राहून काम केले आणि त्याचा अभिमानही बाळगला. डेबियन या मुक्त प्रणालीने एन्क्रिप्शनच्या सगळ्या पॅकेजेससाठी अमेरिकेबाहेर वेगळा सर्व्हरच ठेवला होता. मी शिकत होतो तेव्हा डेबियन बसवताना त्या सर्व्हरची ओळ वेगळी लिहावी लागे. आम्ही ती मुकाट्याने लिहायचो. जगातल्या सर्वांत प्रगत देशाचा कायदा त्याच्याच माणसांना बाहेर ढकलत होता आणि त्या ओळीत ते रोज दिसत होते.

कॅलिफोर्नियातला डॅनियल बर्नस्टाईन तेव्हा बर्कलीत गणिताचा विद्यार्थी होता. स्वतःची एन्क्रिप्शनची पद्धत आणि तिचा कोड प्रसिद्ध करायचा तर शस्त्रविक्रेत्यासारखा परवाना काढावा लागेल असे त्याला सांगण्यात आले. १९९५ मध्ये तो न्यायालयात गेला. न्यायमूर्ती मॅरिलिन हॉल पटेल यांनी १९९६ मध्ये म्हटले की संगणकाचा कोड हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे. त्यानंतर वर्षे गेली, खटले चालले, आणि जानेवारी २००० मध्ये अमेरिकी सरकारने स्वतःच माघार घेतली : जो कोड खुला, म्हणजे कोणालाही पाहता येईल असा, प्रसिद्ध आहे, त्याच्यासाठी परवाना नाही, फक्त कुठे ठेवला आहे तो पत्ता एका ई-मेलने कळवा. २०२१ मध्ये, नेहमीच्या मानक पद्धती वापरणाऱ्या खुल्या कोडसाठी तो ई-मेलही रद्द झाला.

तुम्ही म्हणाल, चुकले, सुधारले, संपले. संपले नाही. त्या काळात अमेरिकेबाहेर पाठवण्यासाठी मुद्दाम कमजोर एन्क्रिप्शन बनवले जाई. नेटस्केप ब्राउझरच्या दोन आवृत्त्या होत्या : अमेरिकनांसाठी १२८ बिटांची, आणि तुमच्या-आमच्यासाठी ४० बिटांची. ती ४० बिटांची आवृत्ती एका फ्रेंच संशोधकाने १९९५ मध्येच आठ दिवसांत फोडली. पण कमजोर एन्क्रिप्शन वापरण्याची ती सोय सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये तशीच राहून गेली. कायदा गेला तरी कोणी ती काढली नाही. मार्च २०१५ मध्ये संशोधकांना आढळले की वाटेत बसलेला चोर ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनाही फसवून त्या जुन्या, ५१२ बिटांच्या निर्यात-दर्जाच्या आरएसए किल्लीवर उतरवू शकतो. आरएसए ही वेगळ्या जातीची पद्धत, तिच्यात ५१२ बिट म्हणजे कमजोरच. ती किल्ली भाड्याच्या संगणकांवर काही तासांत, सुमारे १०० डॉलरमध्ये फोडता येत होती. आयफोनचा ब्राउझर, अँड्रॉइडचा ब्राउझर, दोन्ही त्याला बळी पडत होते. ज्या संकेतस्थळांना धोका होता, त्यांत खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे संकेतस्थळ होते. याच संस्थेला परदेशी एन्क्रिप्शन कमजोर हवे होते. मे महिन्यात लॉगजॅम नावाची तशीच दुसरी फट सापडली. परक्यांसाठी ठेवलेल्या फटीतून पंधरा-वीस वर्षांनी स्वतःच्याच घरात चोर शिरू शकत होता.

निर्यातबंदीचा परिणाम उलटा होतो हे पुण्याला वेगळे सांगायला नको. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. हवामानासाठी एक यंत्र कडक अटींवर मिळाले, अधिक ताकदीचे नाकारले गेले. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आमच्या पिढीतले कित्येक जण त्या बातमीने संगणकाकडे वळले. नकार देणाऱ्याने भारताला थांबवले नाही, फक्त एक गिऱ्हाईक गमावले. आज निर्यातीच्या परवान्याच्या खिडकीपलीकडे आपण बसलो आहोत, तेव्हा तो धडा आपल्याला दुसऱ्या बाजूने लागू आहे.

यावर सुरक्षा यंत्रणांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि मी ते हलके घेत नाही. २६/११ पाहिलेल्या राज्यात कोणी ते हलके घेऊ नये. अतिरेक्याच्या हाती मजबूत एन्क्रिप्शन जाऊ नये असे त्यांना वाटते. पण ते त्याच्या हाती आहेच. एईएसचा कोड चीनमध्ये आहे, आणि चीन वासेनारचा सदस्यही नाही. जो कोड कोणत्याही गावातल्या फोनवर एका मिनिटात उतरतो, तो पुण्यातून नैरोबीला पाठवायला परवाना मागून कोणाची वाट अडते? अतिरेकी अर्ज भरत नाही. अर्ज भरतो तो कायदा पाळणारा.

उलट, खरोखर धोक्याच्या वस्तू आहेत. लोकांच्या फोनमध्ये चोरून शिरणारे पाळत ठेवण्याचे सॉफ्टवेअर, मोठ्या प्रमाणावर संभाषणे टिपणारी यंत्रे. ती विकली जातात, हुकूमशाही राजवटींना विकली जातात. वासेनारने २०१३ मध्ये अशा घुसखोर सॉफ्टवेअरला यादीत घेतले आणि ते योग्य केले. अशी वस्तू भारतातून बाहेर जात असेल, तर तिचा प्रत्येक कागद सातदा तपासा, माझा पूर्ण पाठिंबा आहे. अधिकाऱ्यांची संख्या आणि वेळ मोजका असतो. तो बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर खर्च झाला तर तिथे कमी पडणार.

एन्क्रिप्शनकडे संशयानेच बघायचे ही सवय आपल्या व्यवस्थेत जुनी आहे. इंटरनेट सेवेच्या परवान्यात अनेक वर्षे अट होती की ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्या आणि किल्ली सरकारजमा करा, आणि त्याच काळात रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट मागत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी आपल्या संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. लोक खवळले आणि तो दोन-तीन दिवसांत मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला गेला, कारण तो लोकांना कळला. निर्यातीचा नियम लोकांना कळलेलाच नाही, म्हणून तो तसाच आहे.

आणि २०१७ हे वर्ष लक्षात घ्या. एप्रिलमध्ये माहितीचे रक्षण करणारी साधने स्कोमेटच्या आठव्या वर्गात आली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. तो अधिकार प्रत्यक्षात ज्या साधनांनी राखला जातो, ती बनवणाऱ्यांना कायद्याने कोणत्या नजरेने पाहावे, याचा विचार निकालानंतर कोणी केल्याचे मला तरी दिसले नाही.

आता खुल्या कोडबद्दल. सार्वजनिक केलेल्या सॉफ्टवेअरला नियंत्रणातून वगळण्याची टीप वासेनारच्या यादीत आहे, आणि आपली यादी त्याच धर्तीवर आहे. मग तक्रार कसली? तक्रार अशी की ही सूट प्रसिद्ध झालेल्या कोडला आहे, आणि कोड प्रसिद्ध होण्याआधी तो दहा जणांच्या हातून जातो. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली एखादी विद्यार्थिनी जर्मनीतल्या मुक्त प्रकल्पाला एन्क्रिप्शनची दुरुस्ती पाठवते. ती आधी ई-मेलने दोघांना दाखवते, ते चुका काढतात, मग आठवड्याने ती सगळ्यांसाठी खुली होते. तो पहिला ई-मेल निर्यात आहे का? इलेक्ट्रॉनिक मार्गाने तंत्रज्ञान पाठवणे हे पाठवणेच मानले जाते. सुरक्षेतली गंभीर चूक तर मुद्दाम गुप्तपणे दुरुस्त करावी लागते, कारण दुरुस्तीआधी ती जगाला कळली तर चोरांचे फावते. म्हणजे सर्वांत जबाबदारीने केलेले काम सर्वांत संशयित ठरण्याची भीती. या व्यवस्थेमागे जो कायदा उभा आहे, तो २००५ चा, सर्वसंहारक शस्त्रे आणि त्यांच्या वहनप्रणालींविषयीचा आहे. त्याचे नुसते नाव वाचून त्या मुलीचे प्राध्यापक तिला सांगतील, कशाला त्या भानगडीत पडतेस.

महासंचालनालयाने पुस्तिका आणि प्रश्नोत्तरे काढली आहेत. मी ती वाचली. निर्यातीचा अनुभव असलेल्याला त्यांचा उपयोग होईल, पण वरच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून एखाद्या विद्यार्थ्याला मिळेल असे मला वाटत नाही.

हा विषय आत्ताच का, असे कोणी विचारेल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने आजची काही कुलपे फोडू शकतील अशा भविष्यातल्या क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा एन्क्रिप्शनची पहिली मानके जाहीर केली. येत्या काही वर्षांत बँका, रुग्णालये, वीज कंपन्या, सगळ्यांना आपले कुलूप बदलावे लागणार आहे. जगभर हे काम निघणार आहे आणि ते करणारी माणसे नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पणजीत तयार आहेत. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची नवी रीत शोधली, तेव्हा त्यांनी ती सरळ नेटवर ठेवली आणि जगातले गणिती काही दिवसांत ती तपासून थक्क झाले. त्या मोकळेपणातून भारताचे नाव झाले. ही पुढची कामे आमच्या मुलांनी त्याच मोकळेपणाने करावीत, असे मला मनापासून वाटते.

म्हणून सभागृहात विचारण्यासाठी हा प्रश्न :

खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झालेला, किंवा प्रसिद्ध करण्याच्या उद्देशाने सहकाऱ्यांना तपासायला पाठवलेला एन्क्रिप्शनचा कोड, तसेच प्रसिद्ध मानक पद्धती जशाच्या तशा वापरून केलेले छोट्या उद्योगांचे सॉफ्टवेअर, स्कोमेटच्या परवान्यातून स्पष्ट शब्दांत वगळणारी सूचना सरकार काढणार आहे का. काढणार असल्यास केव्हा. आणि एखादी वस्तू यादीत मोडते की नाही या विचारणेला किती दिवसांत लेखी उत्तर देण्याचे बंधन सरकार स्वतःवर घालून घेईल?

लेखी उत्तर मागावे. ते मिळाले की त्याचे मराठी भाषांतर करून राज्यातल्या संगणकशास्त्राच्या विभागांपर्यंत पोचवण्याचे काम मी आणि माझे सहकारी करू. आपल्यापैकी कोणाला किंवा आपल्या कार्यालयातल्या कोणाला यातली तांत्रिक बाजू समजून घ्यायची असेल, तर मतदारसंघात येऊन, संगणक समोर ठेवून, एक फाइल एन्क्रिप्ट करून दाखवण्याची माझी तयारी आहे. अर्धा तास पुरेल.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता